‘विल’ : एका लहान शब्दाचे अर्थ आणि भाषांतराचा विवेक

परभाषेतील साहित्यकृती आपल्या भाषेत आणताना भाषांतरकाराला अडवितात ते मोठे शब्द, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः मोठे शब्द बहुधा एकार्थी असतात. त्यांच्यासाठी कोश पुरतो, आणि कोश पुरला नाही तर संस्कृतच्या आधाराने नवा शब्द घडविता येतो. खरी अडचण होते ती लहान, एकाक्षरी, मुलांच्याही तोंडी असणाऱ्या शब्दांची. ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशात विसाव्या शतकातील बराच काळ ‘सेट’ या शब्दाची नोंद सर्वांत लांब होती. पुढे २०११ साली ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेल्याचे जाहीर झाले. हा आकडा विस्मयकारक खरा. तथापि साहित्याच्या अभ्यासकाला त्याचा उपयोग बेताचाच. या शेकडो अर्थांपैकी बहुतेक अर्थ एकमेकांना भेटत नाहीत. नदी वाहते, यंत्र चालते, दुकान चालविले जाते, उमेदवार निवडणुकीस उभा राहतो; या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत तोच शब्द येतो, पण वाक्य बदलले की मागचा अर्थ निमूटपणे निघून जातो. संदर्भ कळला की भाषांतरकाराचे काम संपते.

याउलट काही लहान शब्द असे असतात की त्यांचा एक अर्थ पुढे आला तरी दुसरा पूर्णपणे मागे सरत नाही. इंग्रजीतील ‘विल’ हा त्यांपैकी एक होय. इच्छा, निर्धार, मर्जी, विषयवासना, मृत्यूनंतर मालमत्तेची व्यवस्था कशी व्हावी हे सांगणारा लेख, भविष्यकाळ दाखविणारे साहाय्यक क्रियापद, आणि विल्यम या नावाचे लाडके रूप, एवढे सर्व या शब्दात सामावले आहे. हे अर्थ योगायोगाने एकत्र आलेले नाहीत. विशेषनाम सोडले तर ते सर्व ‘इच्छिणे’ या एकाच बीजाचे विस्तार आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यात परस्परांना हाक देण्याची शक्ती आहे. विल्यम एम्पसन याने १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा संमिश्र शब्दांची मीमांसा केली. एकाच शब्दाचे दोन अर्थ जवळ आले की त्या दोहोंमधून एक न बोललेले विधान तयार होते, हे त्याचे प्रमुख प्रतिपादन. भारतीय वाचकाला ही कल्पना सर्वस्वी नवी वाटू नये. अनेकार्थी शब्दाचा व्यापार हा आपल्या साहित्यशास्त्राचा जुना विषय आहे. आणि यमक, श्लेष व शब्दशक्तिमूल ध्वनी हे जे तीन भेद त्या शास्त्राने पाडले, त्यांच्या साहाय्याने शेक्सपिअरच्या ‘विल’चा विचार केला असता भाषांतराचा प्रश्न पुष्कळसा स्पष्ट होतो. तीन ठिकाणी शब्द तोच असला तरी भाषांतरकाराचे कर्तव्य तीन ठिकाणी वेगळे आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम या शब्दाच्या घडणीकडे पाहणे अवश्य आहे. प्राचीन इंग्रजीत ‘विलन’ हे ‘इच्छिणे’ या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद होते. लॅटिनमधील ‘वेल्ले’ आणि जर्मनमधील ‘वोलेन’ ही त्याची भावंडे; संस्कृतातील ‘वृ’ म्हणजे निवडणे, हा धातूही भाषाशास्त्रज्ञ त्याच कुळात घालतात. ‘वर’, ‘वरण’, ‘स्वयंवर’ हे आपले परिचित शब्द अशा रीतीने ‘विल’चे दूरचे आप्त ठरतात. कालांतराने इंग्रजीत या क्रियापदातील इच्छेचा जोर ओसरत गेला आणि ते भविष्यकाळाचे चिन्ह बनले. मात्र तो जोर पुरता कधीच नाहीसा झाला नाही. जॉन वॉलिस याने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात ‘शॅल’ आणि ‘विल’ यांची वाटणी करून दिली: प्रथम पुरुषात ‘शॅल’ने केवळ भाकीत होते, तर ‘विल’ने वचन किंवा धमकी व्यक्त होते, द्वितीय व तृतीय पुरुषात याच्या उलट. हिंदुस्थानातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हा नियम पाठ केला, पण त्यामागचे कारण क्वचितच त्यांना सांगितले गेले. स्वतःच्या इच्छेची ग्वाही ज्याची त्यालाच देता येते, हे ते कारण. आंग्ल प्रार्थनापुस्तकातील विवाहविधीत वर आणि वधू जे उत्तर देतात तेही ‘आय विल’ असेच आहे. ते ऐकताना भविष्यकाळाचा भास होतो. वास्तविक ती त्या क्षणीची संमती आहे.

इच्छा आणि भविष्यकाळ यांचा हा संबंध केवळ इंग्रजीचा विशेष नव्हे. धार्मिक कर्माच्या आरंभी यजमान जो संकल्प सोडतो त्याचा शेवट ‘करिष्ये’ या भविष्यकाळी रूपाने होतो. तेथे कोणी भाकीत करीत नसतो, स्वतःला बांधून घेत असतो. संस्कृतात इच्छा दाखविणारी सन्नन्त रूपे आहेत. ‘जिज्ञासा’, ‘पिपासा’, ‘मुमुक्षा’ हे त्यांच्यापासून आलेले शब्द मराठीतही रुळले आहेत. जुन्या वैयाकरणांनी त्यांचा एक विलक्षण उपयोग नोंदविला आहे. कोसळण्याच्या बेतात असलेल्या नदीकाठाविषयी बोलताना ‘पिपतिषति’, म्हणजे शब्दशः ‘पडू इच्छितो’, असे म्हणता येते. काठाला इच्छा नसते हे वैयाकरणांना ठाऊकच होते. म्हणून तर त्यांना त्याचा वेगळा विचार करावा लागला. जे घडू घातले आहे ते जणू घडू इच्छिते, ही कल्पना माणसाच्या भाषेत खोल रुजलेली दिसते.

तरीही ‘विल’ म्हणजे ‘इच्छा’, असे समीकरण मांडून मोकळे होता येत नाही. न्यायदर्शनाने ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न यांची साखळी मानली: माणूस आधी जाणतो, मग इच्छितो, मग यत्न करतो. इच्छा व यत्न हे तेथे आत्म्याचे दोन वेगळे गुण आहेत. ‘विल’ मात्र या दोहोंवर पसरलेला आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात इच्छेची गणना क्षेत्रात, म्हणजे ज्ञात्याहून वेगळ्या असलेल्या प्रांतात, होते. इच्छेचे स्वातंत्र्य हा शब्दप्रयोग त्या विचारात सहजासहजी बसत नाही. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त पाश्चात्त्यांचा हा प्रश्न ज्या दहाव्या प्रकरणात हाताळला, त्याचे नाव ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे आहे. शीर्षकात स्वातंत्र्य आले ते आत्म्याच्या नावाने. शब्दाची ही निवड म्हणजे एक तत्त्वज्ञानविषयक निर्णयच होता, आणि साहित्यकृतीच्या भाषांतरकारालाही असेच निर्णय घ्यावे लागतात.

३

तीन प्रकारांपैकी सर्वांत सोपा प्रकार ‘व्हेनिसचा व्यापारी’ या नाटकात आढळतो. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात पोर्शिया आपल्या दासीपाशी तक्रार करते. तिच्या पित्याने मरताना असे लिहून ठेवले आहे की तीन पेट्यांपैकी योग्य पेटी जो उघडील त्यालाच तिने वरावे. जिवंत मुलीचे ‘विल’ मेलेल्या बापाच्या ‘विल’ने जखडले गेले आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय. येथे शब्द दोन वेळा उच्चारला जातो आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ भिन्न असतो. आपल्या परिभाषेत हे यमक होय. ‘वृ’ धातूचे नाते ध्यानात घेतले तर या प्रसंगाला आणखी एक अर्थ येतो: ज्या शब्दाच्या कुळात स्वयंवर आहे, त्याच शब्दाने येथे स्वयंवराला बंदी केली आहे.

भारतीय भाषांनी या दस्तऐवजाला दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. हिंदी-उर्दूत अरबीतून आलेला ‘वसीयत’ आहे. बंगालीने इंग्रजी शब्दच ‘उइल’ असा करून घेतला, आणि बंकिमचंद्रांची १८७८ साली ग्रंथरूपाने आलेली ‘कृष्णकान्तेर उइल’ ही कादंबरी तो शब्द मिरवीत सर्व देशात पोहोचली. मात्र उसना शब्द आपले सगळे गणगोत बरोबर आणीत नाही. बंगालीत ‘उइल’ म्हणजे केवळ कागद; इच्छा, निर्धार, भविष्य हे अर्थ समुद्रापलीकडेच राहिले. कादंबरीतला वृद्ध जमीनदार कृष्णकांत आपले मृत्युपत्र पुन्हापुन्हा बदलतो, आणि अखेरीस पुतण्या गोविंदलाल याचा वाटा त्याची पत्नी भ्रमर हिच्या नावे करतो. त्या कागदात धन्याची मर्जी, राग आणि न्यायबुद्धी ही सर्व एकवटली आहेत. परंतु बंगाली शीर्षकातला शब्द ते सुचवू शकत नाही. गंमत अशी की, हेच शीर्षक इंग्रजीत गेले तेव्हा मूळ शब्दाला आपले हरवलेले अर्थ अनायासे परत मिळाले. भाषांतराने कृती दरिद्री होते असे म्हणण्याची प्रथा आहे. येथे उलट घडले.

मराठीत बोलताना ‘विल केले’ असे सर्रास म्हटले जाते. पण लेखी भाषेत दोन शब्द आहेत, ‘मृत्युपत्र’ आणि ‘इच्छापत्र’. पहिला शब्द लेख केव्हा अमलात येतो हे सांगतो, दुसरा तो कशातून निघतो हे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातील व्याख्येतही मरणानंतर काय व्हावे याविषयीच्या हेतूचा आणि इच्छेचा उल्लेख आहे. त्या दृष्टीने दोन्ही शब्द सारखेच समर्थनीय ठरतात. व्यवहारात कोणताही चालतो. पोर्शियाच्या मुखी मात्र ‘मृत्युपत्र’ घातले की यमक नाहीसे होते, आणि ‘इच्छापत्र’ घातले की इच्छा व इच्छापत्र यांच्या जोडीने ते जवळजवळ पूर्ण साधते. एवढी अनुकूलता भाषांतरकाराच्या वाट्याला क्वचितच येते. ती मराठीने देऊ केली असता नाकारण्यात शहाणपण नाही.

४

दुसरा प्रकार श्लेषाचा. १६०९ साली छापलेल्या शेक्सपिअरच्या सुनीतांपैकी १३५ वे सुनीत या शब्दाभोवतीच फिरते. चौदा ओळींत तो डझनाहून अधिक वेळा येतो, आणि मूळ छपाईत पुष्कळ ठिकाणी तो तिरप्या ठशात, मोठे आद्याक्षर देऊन छापलेला आहे. प्रेयसीची इच्छा, तिची वासना, स्त्री-पुरुषांची गुह्येंद्रिये, भविष्यकाळ आणि कवीचे स्वतःचे नाव हे सारे एकाच उच्चारात एकमेकांवर रचलेले आहेत. प्रत्येक ठिकाणी एक अर्थ घेऊन दुसरा टाकावा अशी सोय कवीने ठेवलेली नाही. दोन-तीन अर्थ एकदम वाच्य आहेत. पुढचे, १३६ वे, सुनीतही तोच खेळ चालवून अखेर नावापाशी येऊन थांबते.

मम्मटाने शब्दालंकार आणि अर्थालंकार वेगळे ओळखण्यासाठी एक कसोटी दिली आहे. शब्दाच्या जागी त्याचा पर्याय घातला तरी चमत्कृती टिकली तर ती अर्थाची. नाहीशी झाली तर ती शब्दाची. भाषांतर म्हणजे एका परीने प्रत्येक शब्दाच्या जागी पर्याय घालणेच असल्यामुळे, भाषांतराच्या शक्याशक्यतेचा निकाल या कसोटीने शेकडो वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे, असे म्हणता येईल. १३५ वे सुनीत पर्याय सहन करीत नाही. त्यातील नाव हा श्लेषाचा कणा आहे, आणि मराठीत इच्छेचा व कवीच्या नावाचा वाचक असा एक शब्द मिळणे शक्य नाही. अशा वेळी भाषांतरकाराने तळटीपा देत प्रत्येक ‘विल’साठी वेगळा शब्द योजला तर वाचकाच्या हाती कोशाचे एक पान येते, कविता येत नाही. त्यापेक्षा ते सुनीत मुळातून वाचण्यासाठी सोडून द्यावे, किंवा त्याच वृत्तीची स्वतंत्र रचना करून ती तशी असल्याचे प्रांजळपणे सांगावे. न करण्याचा निर्णय हाही विवेकाचाच भाग आहे. भाषांतरकाराच्या कर्तबगारीची परीक्षा अशा कोड्यांवरून करण्याची जी सवय समीक्षेत दिसते, ती त्याला त्याच्या खऱ्या कामापासून दूर नेते.

५

ते खरे काम तिसऱ्या प्रकारात आहे. आपल्या आलंकारिकांनी श्लेषाहून एक सूक्ष्म व्यापार वेगळा काढला. अनेकार्थी शब्दाचा एक अर्थ प्रकरण, साहचर्य इत्यादी कारणांनी निश्चित होतो. जेवणाच्या वेळी सैंधव मागितले तर मीठ आणावयाचे, प्रवासाच्या वेळी घोडा. तथापि असा निर्णय झाल्यानंतरही काव्यात कधी कधी दुसरा अर्थ पाठीमागून निनादत राहतो. तो वाच्य नसतो, व्यंग्य असतो. याला शब्दशक्तिमूल ध्वनी म्हणतात. श्लेष वाचकाला थांबवितो आणि आपल्याकडे पाहावयास लावतो. ध्वनी थांबवीत नाही, आणि म्हणूनच भाषांतरात तो कोणाच्याही नकळत हरवतो.

‘जूलियस सीझर’ हे नाटक या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. १५९९ च्या सुमारास रंगभूमीवर आलेल्या आणि १६२३ च्या संग्रहात प्रथम छापल्या गेलेल्या या नाटकात ‘विल’वर कोठेही उघड कोटी केलेली नाही. पण त्याचे प्रवेश ओळीने पाहावेत. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात कल्पर्नियाला अशुभ स्वप्न पडले आहे, आणि सीझर त्या दिवशी सेनेटमध्ये न जाण्याचे ठरवितो. आपल्याला सेनेटमध्ये नेण्यास आलेल्या डीशियसला तो बजावतो की, आपल्याला येता येत नाही हे म्हणणे खोटे, येण्याचे धैर्य नाही हे म्हणणे त्याहून खोटे. आपण येणार नाही, एवढेच सांगावे. कारण विचारले असता, कारण आपल्या ‘विल’मध्ये आहे, सेनेटला तेवढे पुरे, असे तो उत्तरतो. नामरूप ‘विल’ आणि लागलीच साहाय्यक क्रियापद ‘विल’; सत्ताधीशाची इच्छा हेच कारण आणि तोच भविष्यकाळ. परंतु या गर्जनेनंतर काही क्षणांतच डीशियस स्वप्नाचा उलटा अर्थ लावतो, मुकुटाचे आमिष दाखवितो, आणि सीझर निघतो. ज्या इच्छेला तो सर्व प्रश्नांचे उत्तर मानतो, ती आधी पत्नीच्या भीतीने आणि मग एका कपटी मित्राच्या स्तुतीने वळविली गेलेली आहे.

तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात सीझरचे प्रेत मंचावर आहे आणि अँटनीच्या हातात त्याची मुद्रा असलेला कागद. हे त्याचे ‘विल’. येथे प्रकरणाने अर्थ पक्का केला आहे: दस्तऐवज. तरीही जमाव जेव्हा ते ‘विल’ आपण ऐकणार म्हणून ओरडतो, तेव्हा त्याच्या आरोळीत सीझरचे इच्छापत्र आणि जमावाची स्वतःची इच्छा एकाच शब्दाने उच्चारली जातात. अँटनी ते वाचण्याचे लांबवितो. झगा दाखवितो, जखमा मोजतो. लोक कागद विसरून धावत सुटतात, तेव्हा तोच त्यांना त्याची आठवण देतो. प्रत्येक नागरिकाला ७५ द्राख्मा, आणि टायबरकाठची उपवने सर्वांना कायमची. हा तपशील प्लुटार्कच्या चरित्रातून, सर टॉमस नॉर्थच्या १५७९ च्या इंग्रजी भाषांतरामार्फत आलेला आहे. शब्दाची योजना मात्र नाटककाराची. जमाव पांगल्यावर अँटनी अनर्थाला उद्देशून जे म्हणतो, त्यात त्याने हवा तो मार्ग धरावा असा भाव आहे. आणि ‘हवा’ या जागी पुन्हा त्याच शब्दाचे द्वितीयपुरुषी रूप आहे. मृताच्या इच्छेतून जमावाची इच्छा, आणि जमावाच्या इच्छेतून निव्वळ अनर्थाची इच्छा, अशी ही उतरंड आहे.

लगेच पुढच्या लहानशा प्रवेशात कवी सिन्ना येतो. त्यालाही स्वप्न पडले आहे, सीझरबरोबर भोजन केल्याचे. घराबाहेर पडण्याचे त्याचे ‘विल’ नाही, तरी काहीतरी त्याला बाहेर ओढीत आहे. नामसाम्यामुळे जमाव त्याला ठार करतो. सीझरलाही स्वप्नाने रोखले होते, त्यानेही न जाण्याचे ‘विल’ बोलून दाखविले होते, आणि तोही गेला. जगज्जेता आणि एक निरुपद्रवी कवी या दोघांना नाटककाराने एकाच शब्दाच्या उंबऱ्यावर उभे केले आहे. आणि चौथ्या अंकाच्या आरंभी विजयी त्रिकूट वधावयाच्या माणसांची यादी करीत असता अँटनी लेपिडसला सीझरच्या घरून ते ‘विल’ आणावयास सांगतो. देणग्यांपैकी काही खर्च कसा छाटता येईल, हे त्यांना ठरवावयाचे असते. ज्या कागदाने रोम पेटले, त्याच्यावरच आता कात्री चालणार.

या चार ठिकाणांना जोडून पाहिले म्हणजे नाटकाचा एक अंतःसूत्रासारखा प्रश्न दिसू लागतो: रोममध्ये इच्छा कोणाची चालते? कटवाल्यांनी सीझरच्या इच्छेवर शस्त्र चालविले, आणि ती मेल्यावर अधिक बलवान झाली. लोकांना वाटले की इच्छा आपली. ती अँटनीने घडविलेली होती. अँटनीला वाटले की इच्छा आपली. पण जे त्याने सोडून दिले त्याची वाट त्याच्या हाती राहिली नाही. नाटकात हे विधान कोणतेही पात्र करीत नाही. ते एका लहान शब्दाच्या पुनरुक्तीने होते.

यावर असा आक्षेप येईल की, ‘विल’ हा इंग्रजीतला अत्यंत सामान्य शब्द. तो कोणत्याही नाटकात पदोपदी येणारच. आक्षेप अंशतः खरा आहे. साहाय्यक क्रियापदाच्या प्रत्येक उपस्थितीत ध्वनी शोधू लागणे हा अतिरेक होईल. परंतु येथे जी स्थळे घेतली आहेत ती सर्व निर्णयाच्या क्षणाची आहेत, त्यांपैकी बहुतेकांत तो शब्द नामरूपाने आला आहे, आणि सीझर व सिन्ना यांच्या प्रसंगांत स्वप्न, अनिच्छा आणि मृत्यू यांचा क्रमही समान आहे. इतके साहचर्य असल्यावर योगायोगाचा भार आक्षेपकावर पडतो.

६

आता भाषांतराचा प्रश्न. सीझरच्या तोंडी ‘विल’ येतो तेव्हा मराठी भाषांतरकाराच्या मनात प्रथम ‘मर्जी’ हा शब्द येणे स्वाभाविक आहे. त्यात दरबारी सत्तेचा ताठा आहे, आणि सुटे वाक्य म्हणून पाहता तोच उत्तम ठरेल. ‘संकल्प’ अधिक भारदस्त आहे, पण त्याच्याबरोबर पळी-पंचपात्र येते. अँटनीच्या हाती ‘मृत्युपत्र’, सिन्नाच्या तोंडी ‘बाहेर पडावेसे वाटत नाही’. या रीतीने प्रत्येक वाक्य निर्दोष होईल, आणि नाटकाचे सूत्र चार जागी तुटेल. कोणत्याही एका ओळीवर बोट ठेवून चूक दाखविता येणार नाही. अशी हानी परीक्षकाच्या नजरेस पडत नाही, कारण ती ओळींमध्ये नसून ओळींच्या संबंधात असते.

याउलट ‘इच्छा’ हा एकच शब्द धरून ठेवला तर काय होते? सिन्नाच्या जागी तो अगदी सहज आहे. अँटनीच्या हाती ‘इच्छापत्र’ येते, आणि चौथ्या अंकात तेच इच्छापत्र छाटले जाते. अनर्थाला ‘इच्छा असेल तो मार्ग’ धरावयास सांगता येते. किंमत मोजावी लागते ती सीझरपाशी. ‘इच्छा’ हा मराठीत मृदू शब्द आहे. तो देवापुढे, वडीलधाऱ्यांपुढे आणि निमंत्रणपत्रिकेत वावरतो, त्याला हुकमाची सवय नाही. ही उणीव वाक्यरचनेने भरून काढावी लागेल: कारण म्हणून ‘माझी इच्छा’ एवढे दोनच शब्द, तेथे पूर्णविराम, आणि पुढे तुटक ‘येणार नाही’. शब्दाचा मऊपणा उच्चाराच्या कठोरपणाने झाकता येतो. किंबहुना तो किंचित उरला तरी बिघडत नाही. ही इच्छा किती वेळ टिकते ते प्रेक्षक पुढच्याच क्षणी पाहणार आहे.

साहाय्यक क्रियापदाच्या बाबतीत मराठी वाटते तितकी गरीब नाही. ‘मी येईन’ आणि ‘मी येणार’ यांत फरक आहे. पहिल्यात आश्वासन, संभव किंवा सौजन्य असते. दुसऱ्यात ठरविलेपणा, आणि ‘येणारच’ म्हटले की हट्ट. वॉलिसने ‘शॅल’ व ‘विल’ यांत जो भेद पाहिला त्याचे हे आपल्या परीचे उत्तर आहे. मात्र नकारात हा भेद मावळतो: ‘येईन’ आणि ‘येणार’ या दोहोंचाही नकार ‘येणार नाही’ हाच. सीझरच्या नकारात भाकीत आणि निर्धार एक झालेले आहेत, आणि तेथे मराठीची ही मर्यादाच उपकारक ठरते. जमावाच्या आरोळीला ‘ऐकणारच’ हे रूप पुरते.

याहूनही लक्षणीय असे काही मराठीत आहे, आणि इंग्रजी-मराठी कोशात ‘विल’ची नोंद काढून ते सापडणार नाही. ते आहे ‘पाहणे’ या क्रियापदात. ‘पाहिजे’ हे मुळात ‘पाहणे’चे जुने कर्मणी रूप, जे पाहिले जाते, ज्याची वाट पाहिली जाते, ते ‘पाहिजे’ असते. ‘पाणी पाहिजे’ म्हटले की इच्छा, आणि ‘गेले पाहिजे’ म्हटले की कर्तव्य. इंग्रजीत इच्छेचे क्रियापद भविष्याकडे गेले. मराठीत ते कर्तव्याकडे वळले. याच क्रियापदाचा दुसरा प्रयोग पाहावा: ‘तो फसवू पाहतो’ यात हेतू आहे, आणि ‘दिवा विझू पाहतो’ यात इच्छा नसलेल्या वस्तूचे नजीकचे भवितव्य. वैयाकरणांचा तो नदीकाठ मराठीत अजून पडू पाहतो आहे. भाषांतरकाराने ‘विल’साठी एक प्रतिशब्द शोधीत बसण्याऐवजी ‘विल’ जे काम करतो ते काम आपल्या भाषेत कोण करते, असा प्रश्न विचारला तर अशी उत्तरे हाती येतात. सिन्नाला जे काही बाहेर ओढीत आहे त्याच्यासाठी, किंवा अनर्थ ज्या क्षणी सुटू पाहतो त्या क्षणासाठी, ही रूपे उपयोगी पडतील.

७

१८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’ मराठीत आणल्यापासून, आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३), देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०), शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ (१९५४) आणि विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ (१९७४) इथपर्यंत शेक्सपिअरच्या मराठी अवताराची परंपरा मोठी आहे. तिच्याविषयीची चर्चा बहुधा पात्रांची नावे बदलावीत की नाही, स्थळे देशी करावीत की नाही, पद्याला पद्य द्यावे की गद्य, या प्रश्नांभोवती झाली. ते प्रश्न महत्त्वाचेच आहेत. परंतु नावे आणि स्थळे प्रेक्षकाला दिसतात. ‘विल’सारखे शब्द दिसत नाहीत, आणि कृतीचा भार पुष्कळदा त्यांच्यावरच असतो.

म्हणून भाषांतरास आरंभ करण्यापूर्वी कृतीतील असे दोन-चार लहान शब्द निवडून, ते जेथे जेथे आले आहेत ती सर्व स्थळे एकत्र लिहून काढणे, ही शिस्त प्रत्येक भाषांतरकाराने स्वतःला लावून घ्यावी. त्यावरून कळेल की अर्थ केवळ बदलले आहेत, दोनदा उच्चारून समोरासमोर आले आहेत, एकाच उच्चारात कोंदले आहेत, की दुरून एकमेकांना साद घालीत आहेत. पहिल्या ठिकाणी कोश पुरे. दुसऱ्या ठिकाणी जोडशब्द शोधावा. तिसऱ्या ठिकाणी बहुधा हार मानावी. चौथ्या ठिकाणी मात्र एका वाक्याचे सौंदर्य सोडूनही शब्द तोच ठेवावा. सीझरच्या तोंडी ‘मर्जी’ शोभते हे खरे. पण ती मर्जी अँटनीच्या हातातील कागदापर्यंत आणि सिन्नाच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचत नाही.